सेमूर हर्शवर लिहिताना

दिवाळी अंकांचं गणित बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आषाढीच्या सुमारास संपादकांचे फोन सुरू होतात, गणपतीत मजकूर द्यायचा असतो आणि अंक घरी येतो तेव्हा आपण काय लिहिलं होतं हेच निम्मं विसरायला झालेलं असतं. मला फोन आला तेव्हा संपादकांच्या डोक्यात विषय पक्का होता. "युद्धपत्रकार! एखादा जबरदस्त माणूस घ्या. बॉम्ब पडतायत आणि हा खंदकात बसून लिहितोय, असं काहीतरी."

मी सेमूर हर्श या अमेरिकी शोधपत्रकाराचं नाव घेतलं.

"व्हिएतनामवाला ना? उत्तम. तिथल्या जंगलातूनच सुरुवात करा."

"तो जंगलात नव्हताच," मी म्हटलं. "व्हिएतनाममधल्या माय लाय वस्तीत अमेरिकी सैनिकांनी गावकरी मारले, ती बातमी त्यानं अमेरिकेत फिरून मिळवली. फोन, विमानाची तिकिटं आणि भाड्याची गाडी."

"मग त्यात युद्ध कुठंय हो?"

ते लेखात येईल, असं सांगून मी वेळ मारून नेली.

हर्शच का, याला माझं स्वतःचं कारण होतं. मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकात डेस्कवर काढली. 'विश्वसनीय सूत्रांनी सांगितले' या वाक्याच्या किती बातम्या मी दुरुस्त करून पानात लावल्या असतील याला गणती नाही. सूत्र कोण, हे उपसंपादकानं विचारायचं नसतं. बातमीदार सांगत नाही आणि मुख्य वार्ताहर 'लाव गं' म्हणतो. जगातला सूत्रांचा सगळ्यात नावाजलेला गिऱ्हाईक म्हणजे हर्श. त्याची एकेक मोठी बातमी उलगडून 'हे याला कळलं कसं' एवढंच शोधायचं, असं मी ठरवलं. वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखले: कागद, नाव असलेला माणूस, नाव नसलेला माणूस. चरित्र, पुरस्कार, भांडणं हे सगळं नंतर.

चरित्राचा भाग तसा पटकन उरकला. 1937 चा शिकागोतला जन्म, पूर्व युरोपातून आलेलं ज्यू कुटुंब, वडिलांचं कपडे धुवायचं दुकान. वडील लवकर गेले आणि ते दुकान काही काळ यानं सांभाळलं. इतिहासाची पदवी घेतली, कायद्याचं शिक्षण अर्धवट सुटलं, मग सिटी न्यूज ब्युरो या शिकागोच्या स्थानिक वृत्तसंस्थेत लागला. 'आई म्हणाली माझं तुझ्यावर प्रेम आहे, तरी खातरजमा करून घे' ही अमेरिकी पत्रकारांची जुनी म्हण याच संस्थेच्या नावावर सांगतात. पुढं साउथ डकोटात युपीआय, मग एपी (या दोन्ही अमेरिकी वृत्तसंस्था), आणि 1966 पासून एपीचा पेंटॅगॉनमधला, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयातला बातमीदार. तिथं तो पत्रकार परिषदा चुकवून अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या वेळी त्यांच्या टेबलावर जाऊन बसायचा. रासायनिक आणि जैविक शस्त्रांवर त्यानं केलेली मोठी बातमी एपीनं फार छाटली, तेव्हा 1967 मध्ये नोकरी सोडली आणि 1968 मध्ये त्याच विषयावर पहिलं पुस्तक काढलं. काही महिने सिनेटर युजीन मॅकार्थीच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात प्रसिद्धीचं काम केलं. म्हणजे 1969 साली हा माणूस बत्तिशीचा, मोकळा, पगाराविना.

इथून पुढं माझा वेग एकदम मंदावला, कारण माय लायची बातमी हा माझ्या वहीचा सगळ्यात भरलेला भाग होता.

ऑक्टोबर 1969 मध्ये जेफ्री कोवन नावाच्या तरुण वकिलानं त्याला फोनवर सांगितलं, की जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला एका सैनिकावर व्हिएतनाममधल्या 75 नागरिकांच्या खुनाचा खटला चालवायचा बेत आहे. नाव ठाऊक नाही, तारीख ठाऊक नाही. पेंटॅगॉनमधल्या ओळखीच्या एका कर्नलनं बोलता बोलता 'कॅली' हे आडनाव टाकलं. नाव हाती आल्यावर हर्श जुन्या वर्तमानपत्रांकडे वळला, आणि सप्टेंबरमध्येच एपीनं दिलेली चार ओळींची बातमी त्याला सापडली: लेफ्टनंट विल्यम कॅली याच्यावर नागरिकांच्या हत्येचा आरोप. आकडा नव्हता. देशभरच्या डेस्कांवरून ती बातमी गेली होती आणि एकालाही फोन उचलावासा वाटला नव्हता. हे वाचून मी उगाचच खुर्चीत सावरून बसले. असल्या चार ओळी आम्ही 'भरताड' म्हणून पानाच्या तळाशी टाकायचो.

पुढचा टप्पा वकिलाचा. सॉल्ट लेक सिटीतला जॉर्ज लॅटिमर, लष्करी अपील न्यायालयाचा माजी न्यायाधीश. हर्श विमानानं त्याच्याकडे पोचला आणि गप्पांत मुद्दाम फुगवलेला आकडा टाकला, दीडशे माणसं मारल्याचा आरोप आहे म्हणे. लॅटिमर चिडला आणि त्या तिरमिरीत त्यानं आरोपपत्रच बाहेर काढलं. आकडा होता 109. मेलेल्यांची नावं नव्हती, 'पौर्वात्य मानव' एवढीच नोंद. कागदाचं तोंड वकिलाकडे होतं. हर्शनं इकडचं तिकडचं बोलत तो उलटा वाचून वहीत उतरवून घेतला.

ही गोष्ट मी अण्णांना सांगितली. अण्णा म्हणजे आमच्या पेपरचे जुने वृत्तसंपादक, निवृत्त होऊन जमाना झाला, आता ठाण्यात मुलाकडे असतात. ते हसले. "त्यात काय गं? आमच्या वेळच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कुणीही वाचला असता." मग जरा थांबून म्हणाले, "पण हे सांगतंय कोण? हर्शच ना?"

बरोबर होतं त्यांचं. आरोपपत्र खरं आहे, ते पुढं कोर्टात आलंच. पण ते उलटं वाचल्याचा प्रसंग आपल्याला कळतो तो हर्शनं लिहिलेल्या आठवणींतून. मी वहीत त्या ओळीपुढं 'ह. सांगतो' असं लिहिलं, आणि मग मागच्या पानांवरही बऱ्याच ठिकाणी तेच लिहावं लागलं.

11 नोव्हेंबरला तो फोर्ट बेनिंगला गेला. अवाढव्य लष्करी तळ. तुरुंग, वकिलांची कार्यालयं, बराकी सगळीकडे विचारत दिवस गेला. कॅली तुरुंगात नव्हताच, त्याला वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निवासात ठेवलं होतं. रात्री तिथली दारं ठोठावत फिरताना तो भेटला. बुटका, सव्वीस वर्षांचा, घाबरलेला. दोघं पहाटेपर्यंत पीत बसले. कॅली सांगत होता की मी हुकूम पाळला, आणि मध्येच आत जाऊन रक्त ओकत होता. इथं हर्श लिहितो, की मी राक्षस शोधायला गेलो होतो आणि तसा माणूस मला दिसला नाही. माझ्या मते त्याच्या सगळ्या लेखनात इतका प्रामाणिक परिच्छेद दुसरा नाही.

मग बातमी विकायची वेळ आली. 'लाइफ' आणि 'लुक' या मोठ्या मासिकांना ती नको होती. शेजारी राहणारा डेव्हिड ऑब्स्ट नावाचा विशीतला मुलगा डिस्पॅच न्यूज सर्व्हिस ही चिमुकली संस्था चालवत होता. त्यानं देशभरच्या संपादकांना फोन लावून शंभर-शंभर डॉलरला बातमी विकली. पन्नासेक ठिकाणी विचारलं, छत्तीस जणांनी घेतली. शोधाच्या खर्चाला एका पत्रकार निधीकडून आधी 250 डॉलर मिळाले होते, नंतर 2,000. आपल्याकडचे मुक्त पत्रकार हा आकडा वाचून काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, पण बातमीची रक्कम बघा आणि तिनं काय हललं ते बघा.

सगळ्यात जास्त वेळ मला पॉल मीडलो या सैनिकानं खाल्ला. कॅलीच्या तुकडीतल्या एकानं सांगितलं, की मीडलोनं हुकमानुसार गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्याच दिवशी सुरुंगावर पाय पडून त्याचं पाऊल गेलं. पत्ता नाही, फक्त आडनाव आणि इंडियाना राज्य. हर्शनं इंडियानातल्या टेलिफोन एक्स्चेंजना एकामागून एक फोन लावले, न्यू गोशेन या खेड्यात मीडलो आडनाव सापडलं. फोनवर आई होती. ये म्हणाली, पण तो बोलेल की नाही सांगता येत नाही. हर्श पोचला, कोंबड्यांचं मोडकळीला आलेलं शेत. त्यानं खुनांबद्दल काहीच विचारलं नाही. आधी पायाची चौकशी केली, नवा पाय कसा बसवलाय ते बघायला मागितलं. मग मुलगा बोलत सुटला. आई मर्टल मीडलो जे म्हणाली ते नंतर जगभर छापलं गेलं: मी त्यांच्याकडे चांगला मुलगा पाठवला होता, त्यांनी त्याचा खुनी केला. 24 नोव्हेंबरला पॉल मीडलो सीबीएस या टीव्ही वाहिनीवर मुलाखतकार माइक वॉलेससमोर बसला आणि लहान मुलांनाही मारलं, हे अमेरिकेनं त्याच्याच तोंडून ऐकलं.

संपादकांच्या 'युद्ध कुठंय' या प्रश्नाला मी हेच शेत लिहून पाठवलं. त्यांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला.

पण हर्शच्याच लेखनावर विसंबून राहायचं नाही, हे अण्णांनी डोक्यात घातलं होतं. तेव्हा उलट बाजूनं तपासायला पीअर्स अहवाल काढला. लेफ्टनंट जनरल विल्यम पीअर्स यांनी सुमारे 400 साक्षीदार तपासून मार्च 1970 मध्ये तो लष्कराला दिला. लोकांसमोर आला 1974 मध्ये. अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयानं तो स्कॅन करून ठेवलाय, कुणालाही वाचता येतो. मी संध्याकाळी वाचायला घेत असे आणि थोड्या पानांनंतर उठून गॅलरीत जाऊन उभी राहत असे. 16 मार्च 1968 च्या सकाळी कॅलीची चार्ली कंपनी सोन माय गावच्या वस्त्यांत उतरली, माय लाय ही त्यांतलीच एक. शत्रू नव्हता, म्हातारे, बायका, पोरं होती. व्हिएतनाममधल्या स्मारकावर 504 मृतांची नोंद आहे, अमेरिकी लष्कराचा आकडा 347. ह्यू थॉम्प्सन या वैमानिकानं आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवलं आणि आपल्याच माणसांवर बंदुका रोखायला सहकाऱ्यांना सांगितलं, म्हणून काही जीव वाचले. त्यानं त्याच दिवशी वरिष्ठांकडे तक्रार केली होती. ती दाबली गेली. लष्करानं मात्र प्रसिद्धीपत्रक काढलं: 128 शत्रूसैनिक ठार, तीन शस्त्रं जप्त.

या एका ओळीपाशी मी फार वेळ थांबले. 128 सैनिक आणि तीन बंदुका? आकडेच सांगतायत की काहीतरी भयंकर चुकलंय. कागदावर सगळं होतं, वर्तमानपत्रांनी ते छापलंही, आणि दीड वर्ष तो हिशेब कुणी जाहीरपणे मागितला नाही.

ज्यानं मागितला तो पत्रकार नव्हता. रॉन रायडनअवर नावाचा एक तरुण सैनिक, स्वतः त्या दिवशी तिथं नव्हता. मित्रांकडून एकेक हकिकत ऐकत गेला, नावं लक्षात ठेवली, आणि घरी परतल्यावर 29 मार्च 1969 रोजी त्यानं अध्यक्षांपासून काँग्रेस सदस्यांपर्यंत तीसेक जणांना पत्र पाठवलं. त्या पत्रावरून लष्करानं चौकशी सुरू केली, चौकशीतून कॅलीवर आरोप आला, आणि आरोपाचा वास हर्शपर्यंत पोचला. 1970 चं पुलित्झर हर्शला मिळालं, ते योग्यच. तरी माझ्या लेखात मी रायडनअवरला हर्शच्या आधी आणलं. संपादकांना ते पसंत नव्हतं, 'नायक उशिरा येतो' असं त्यांचं म्हणणं. मी क्रम बदलला नाही.

फोटोंवरून मात्र खरी ओढाताण झाली. लष्करी छायाचित्रकार रॉन हेबर्ली यानं स्वतःच्या कॅमेऱ्यातल्या रंगीत फिल्मवर टिपलेले फोटो 20 नोव्हेंबर 1969 ला क्लीव्हलँडच्या 'प्लेन डीलर'नं छापले, आणि मग कुणाला नाकारायची सोय उरली नाही. संपादकांना त्यातला एक हवा होता. "लेख वाचायच्या आधी पान थांबवेल." थांबवेल, हे खरंच. पण दिवाळी अंक घरात चिवड्याच्या डब्याशेजारी पडून असतो, मुलं चाळतात. शिवाय त्या चित्रातल्या बायकांना मेल्यावर किती वेळा छापायचं? शेवटी कॅलीचा कोर्टाबाहेरचा फोटो लागला. मार्च 1971 मध्ये त्याला 22 खुनांसाठी जन्मठेप झाली. अध्यक्ष निक्सननं लगेच त्याला तुरुंगातून काढून घरीच नजरकैदेत ठेवलं, आणि 1974 मध्ये तो सुटला. सगळ्या प्रकरणात दोषी ठरलेला तो एकटा.

इथपर्यंत माझ्या वहीत पहिले दोन रकाने भरगच्च होते. तिसरा रकाना भरायला लागला तो 1972 नंतर, हर्श 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये गेल्यावर. कंबोडियावरचे गुप्त बॉम्बहल्ले, वॉटरगेट, आणि 22 डिसेंबर 1974 ची सीआयएनं अमेरिकी नागरिकांवर ठेवलेल्या पाळतीची बातमी. ही शेवटची जवळपास सगळी निनावी. पण पुढच्याच वर्षी सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीनं कागद उघडले आणि बातमी जवळजवळ जशीच्या तशी खरी ठरली. म्हणजे तिसरा रकाना पाहिला की नाक मुरडायचं, असं करून चालत नव्हतं.

आणि मग आले मोरारजीभाई.

हे मला अंधूक ठाऊक होतं. अण्णांना चांगलंच ठाऊक होतं. 1983 मध्ये हर्शनं अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्यावर 'द प्राइस ऑफ पॉवर' हे जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं म्हटलं, की मोरारजी देसाई सीआयएचे पगारी खबरे होते आणि अध्यक्ष जॉन्सनच्या कारकिर्दीत त्यांना वर्षाला 20,000 डॉलर मिळत होते. मोरारजी तेव्हा सत्तासंन्यास घेऊन मुंबईत मरीन ड्राइव्हला राहत होते. त्यांनी शिकागोच्या फेडरल कोर्टात पाच कोटी डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला.

"बातमी आली तेव्हा ऑफिसात काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? अर्ध्या डेस्कनं टाळ्या दिल्या," अण्णा म्हणाले. "फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा मी शाळेत होतो. मुख्यमंत्री कोण होते? मोरारजी. आमच्या घरात त्या माणसाचं नाव घेतलं की माझी आजी उठून आत जायची. सीआयए काय, कुणी म्हणालं असतं हा रात्री दिवे चोरतो, तरी आम्ही छापलं असतं." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण एक सांगतो. माणूस खडूस होता, हट्टी होता, पैशाचा नव्हता. हे आम्हालाही माहीत होतं. छापताना आठवलं नाही इतकंच."

मी लेखाचा हा भाग कोर्टाच्या कागदांवरून लिहायचं ठरवलं, कारण अपील न्यायालयाचा निकाल आज कुणालाही वाचायला मिळतो. खटला उभा राहिला 1989 मध्ये. मोरारजी तेव्हा 93 वर्षांचे, शिकागोला जाण्याच्या स्थितीत नव्हते. किसिंजर साक्षीला आले आणि आपल्या माहितीप्रमाणे देसाई सीआयएचे नव्हते, असं त्यांनी सांगितलं. हर्शनं आपली सूत्रं उघड करायला नकार दिला. ऑक्टोबर 1989 मध्ये ज्युरीनं हर्शच्या बाजूनं कौल दिला. 1992 मध्ये वरच्या कोर्टानं तो कायम ठेवला.

हा कौल भारतात पुष्कळांनी 'मोरारजी हेर ठरले' असा वाचला. तसं नाही. अमेरिकेत 1964 च्या सलिव्हन निकालापासून सार्वजनिक जीवनातल्या माणसाला नुसतं 'हे खोटं आहे' एवढं सिद्ध करून भागत नाही. लिहिणाऱ्याला ते खोटं असल्याचं माहीत होतं, किंवा खऱ्या-खोट्याची त्यानं बेपर्वाईनं फिकीर केली नाही, हे दाखवावं लागतं. घरी बसलेल्या 93 वर्षांच्या माणसानं, सूत्रांची नावंही ठाऊक नसताना, शिकागोतल्या ज्युरीला हे कसं दाखवायचं? शिवाय एक साधी गोष्ट आहे, जी आपल्याकडच्या कुठल्याही राजकीय बातमीदाराच्या तोंडावर असते. 1971 च्या युद्धाच्या वेळी इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळातून वॉशिंग्टनला बातम्या जात होत्या, हेही हर्शनं देसाईंच्या नावावर लावलं. पण मोरारजी 1969 च्या जुलैमध्येच मंत्रिमंडळाबाहेर पडले होते, आणि इंदिराबाईंचे कट्टर विरोधक म्हणून त्यांना आतल्या बैठकांचा वाराही लागत नव्हता. मला हर्शचा आरोप पटत नाही. मी तसं लेखात लिहिलं. ज्या माणसानं इंडियानातल्या प्रत्येक टेलिफोन ऑपरेटरला छळलं, त्यानं भारतीय मंत्रिमंडळाची यादी समोर ठेवून हे वाक्य दोनदा वाचलं असतं का, असा प्रश्न मला पडला. आणि माझा अंदाज आहे की माय लाय कुणा परक्या देशाच्या सैन्याची गोष्ट असती, तर तिथंही त्यानं इतके फोन केले नसते.

पुढची पानं मी भराभर उलटली. 2004 मध्ये इराकमधल्या अबू गरेब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेला कैद्यांचा छळ, आणि तिथं हर्श पुन्हा पहिल्या रकान्यात: मेजर जनरल टागुबा यांचा लष्करी अहवाल त्याच्या हातात होता, आणि त्याच्या 'न्यूयॉर्कर'मधल्या लेखाला कुणी हात लावू शकलं नाही. त्या मासिकात त्याच्या निनावी सूत्रांची नावं संपादकांना द्यावी लागत आणि तपासनीस त्यांच्याशी बोलत. हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण 2015 मध्ये लादेनच्या मृत्यूची अधिकृत कहाणी खोटी आहे असा प्रचंड लेख त्यानं लिहिला तो 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये, मुख्यतः एका निवृत्त गुप्तचर अधिकाऱ्याच्या आधारावर. आणि फेब्रुवारी 2023 मध्ये रशियातून जर्मनीला जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम वायूवाहिन्या अमेरिकेनंच उडवल्या असं लिहिलं ते सबस्टॅक या संकेतस्थळावरच्या स्वतःच्या पानावर, एका निनावी माणसाच्या सांगण्यावरून. जर्मन तपास पुढं युक्रेनी संशयितांकडे गेला, अटक वॉरंटही निघालं. या दोन पानांवर माझे पहिले दोन रकाने जवळजवळ कोरे राहिले. लादेनच्या पानावर पाकिस्तानचे माजी आयएसआय प्रमुख असद दुराणी यांचं एक नाव, बस.

संपादकांना वाटत होतं की शेवटी मी त्याला माफ तरी करावं नाहीतर झोडपावं तरी. दोन्ही केलं नाही. 2015 मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, हर्श पहिल्यांदा माय लायला गेल्याचा त्याचा लेख प्रसिद्ध झाला. ज्या गावानं त्याला नाव दिलं ते त्यानं तोवर पाहिलंच नव्हतं. ही माहिती मी कुठलीही टिप्पणी न करता एका वाक्यात टाकली. संपादकांनी ते वाक्य चौकटीत उचललं, ठळक अक्षरांत. मी रागावले, मग सोडून दिलं. चौकट त्यांची, पान त्यांचं.

छपाईला जाताना लेखाची पाचेकशे शब्दांची कत्तल झाली. भारत आणि पाकिस्तान 1990 मध्ये अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर होते असा दावा करणाऱ्या हर्शच्या 1993 च्या लेखाचा भाग पूर्ण गेला. त्या दाव्यावर दोन्हीकडच्या आणि अमेरिकेतल्याही अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतले होते, ते सगळं मी मन लावून लिहिलं होतं. पण जाहिरात आली की मजकूर जातो, हे मला कुणी नव्यानं सांगायला नको. मोरारजींचा भाग मात्र टिकला, कारण अण्णांनी संपादकांना परस्पर फोन केला होता. हे मला नंतर कळलं.

अंक आल्यावर पत्रं आली ती जवळपास सगळी मोरारजींवर. व्हिएतनामबद्दल एकानं लिहिलं, आणि ते लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार होते. त्यांना ह्यू थॉम्प्सनबद्दल आणखी वाचायचं होतं, मी त्यांना पीअर्स अहवालाची लिंक पाठवली. साताऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी आंतरदेशीयवर, सुवाच्य अक्षरात विचारलं होतं: 'लेख आवडला. तथापि मोरारजी सीआयएचे होते किंवा नव्हते, हे स्पष्ट होत नाही. कृपया खुलासा करावा.' मी दोन पानी उत्तर लिहिलं. कोर्टानं हा प्रश्न ठरवलाच नाही, हर्शनं पुरावा दाखवला नाही, मोरारजींना नाकारण्यापलीकडे काही दाखवता आलं नाही, आणि माझं वैयक्तिक मत नव्हते असं आहे.

त्यांचं उलट टपाली पत्र आलं. 'आपल्या सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. म्हणजे होतेच.'